घरचं नाक

त्या घरात लोखंड टिकत नसे. खिळे वर्षभरात खाल्ले जात, बिजागऱ्या दोन वर्षांत, आणि तळखोलीच्या दाराला कडी लावायचं तर सगळ्यांनी सोडूनच दिलं होतं. लाकडी खुंटी घातली की झालं. फळांचा सिरका करणाऱ्या घराला याचं काही वाटत नाही. नवा माणूस तळखोलीच्या तीन पायऱ्या उतरला की त्याला ठसका लागे, डोळ्यांतून पाणी येई, आणि घरातली माणसं त्याच्याकडे बघून विचारत, काय झालं? त्यांना तो वास येईनासा होऊन जमाना झाला होता.

तळखोलीत भिंतीला लागून आठ लाकडी पिंपं उभी होती, तोंडाला फडकी बांधलेली. सून सकाळपासून त्यांच्यापुढे उकिडवी बसली होती. जवळ पाण्याची बादली, चमचा, पेला आणि पट्ट्यांचा पत्र्याचा डबा. एक चमचा सिरका, नऊ चमचे पाणी. ढवळायचं, कागदाची पट्टी बुडवायची, झटकायची, साठ अंक मोजायचे. टोकावरचा चौकोन पांढरा राहिला तर पिंप तयार. निळा झाला तर आत अजून दारू आहे, पिंप कच्चं. रसाची आधी दारू होते आणि दारूचा मग सिरका होतो. ही दुसरी पायरी पुरी झाली की नाही, एवढंच त्या चौकोनाला कळतं. भिजलेली पट्टी फेकायची, पुढच्या पिंपाला नवी.

पहिलं पिंप पांढरं. दुसरं पांढरं. अशी करत करत ती आठव्यापर्यंत आली. आठवंही पांढरं.

गुडघ्यांवर हात टेकून ती उठली. पाय सुन्न झाले होते. वर ओसरीत नवरा फळीवर पालथा पडला होता, कमरेला पट्टा बांधून.

"आठही तयार आहेत," ती म्हणाली.

"आठही?" त्याने मान वळवायचा प्रयत्न केला आणि दुखलं म्हणून तशीच ठेवली. "मग सुटलो. लाव फोन कारखान्याला. परवा टेम्पो पाठवा म्हणावं."

सुटलो म्हणाला ते काही उगाच नाही. गेल्या हंगामात फळ उतरवायला आठवडा राहिलेला असताना गारा पडल्या आणि आसपासच्या बागांतलं सगळं सफरचंद खाली आलं. ठेचलेलं फळ वाट पाहत नाही. अठरा दिवस तो चरकाच्या दांड्याला जुंपून घेतल्यासारखा राबला आणि एकोणिसाव्या दिवशी वाकला तो वाकलेलाच राहिला. आता पुढच्या हंगामाला चरक ओढणारं कोणी नव्हतं. होतं ते एवढंच, आठ पिंपं. आणि ती घेणारं गिऱ्हाईकही एकच, बरण्यांत भाज्या मुरवणारा कारखाना.

अंगणात सासरा कॅन घासत बसला होता. पाठ त्यांच्याकडे, पण कान इकडेच.

"आठवं पण?" त्याने न वळताच विचारलं.

"हो, बाबा."

"सर्वांत शेवटी भरलेलं. थंडीत भरलेलं."

"पट्टी पांढरी आहे," सून म्हणाली.

"मग झालंच," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा ब्रश चालवायला लागला. त्याच्या त्या 'झालंच'मध्ये काय होतं ते घरात सगळ्यांना कळत होतं.

गेल्या वर्षापर्यंत तो असा कॅन घासायला बसत नसे. आसपासच्या सिरकेवाल्यांत त्याला 'नाक' म्हणत. नाक बोलावलंय, नाक येतंय, नाकाने सांगितलं की संपलं. कारखान्याच्या यादीतही प्रत्येक घरापुढे पारख करणाऱ्याचं नाव असे. या घरापुढे त्याचं होतं. माल तयार आहे अशी सही त्यानेच करायची. गेल्या वर्षी त्याने सही केली, टेम्पो दारात आला, आणि कारखान्याचा पट्टीवाला पहिल्यांदाच असा पट्ट्यांचा डबा घेऊन उतरला. एका पिंपात पट्टी निळी झाली. म्हातारा चारचौघांत ओरडला, "कागद खोटा आहे. माझं नाक चाळीस वर्षांचं आहे, तुझा कागद कालचा." पट्टीवाल्याने यादी काढली. त्याने नावापुढे एक फुली मारली. दुसरी फुली पडली की नाव जातं, आणि यादीत नसलेल्या माणसाने पारख केली असं दिसलं तर सगळं घरच जातं, असं त्याने जाताना समजावून सांगितलं.

त्यानंतर मुलाने बापाला तळखोलीत जायला बंदी केली. स्वतःची तर जीभ आणि नाक दोन्ही तंबाखूने जाळलेली, म्हणून पट्ट्यांचा डबा बायकोच्या हातात दिला. म्हाताऱ्याने एवढंच केलं, की यादीतलं नाव बदलू दिलं नाही. "मी मेलो की बदला," म्हणाला. तेव्हा काम सुनेचं आणि सही सासऱ्याची, असं वर्षभर चाललं होतं.

फोन लागला. परवा सकाळी येतो, पट्टीवाला म्हणाला, पण निदान पाच पिंपं असतील तरच. त्याहून कमीसाठी एवढ्या लांब टेम्पो पाठवत नाहीत. आठ आहेत, नवऱ्याने फळीवरूनच ठणकावून सांगितलं.

सून भाकऱ्या थापायला बसली, पण ते 'आठवं पण?' काही डोक्यातून जाईना. आठवं पिंप तिनेच भरलं होतं, बोटं बधिर करणाऱ्या गारठ्यात. तवा उतरवून ती नवऱ्याच्या उशाशी गेली. तिथे त्याच्या पाठीला चोळायच्या स्पिरिटची बाटली होती. नाकाशी नेली तरी डोकं भणभणतं असं ते. चुलीपाशी आणून तिने झाकणात थोडं ओतलं, पाणी घातलं, डब्यातली एक पट्टी बुडवली आणि साठपर्यंत मोजलं.

पांढरी.

दुसरी बुडवली. तीही पांढरी. तिसरी बुडवायची तिची हिंमत झाली नाही.

तिने डबा उलटा करून पाहिला. झाकणाच्या कडेला गंजाची लाल रेघ होती. बोट लावलं तर पत्र्याचा भुगा निघाला. पट्टीवाल्याने बजावलं होतं, "यात एन्झाइम असतं. जिवंत नाही, पण चोचले जिवंतासारखेच. ऊन लागू देऊ नका, गार जागी ठेवा." उन्हाळा लागला तसा फ्रिज बंद पडला, आणि घरातली सगळ्यांत गार जागा म्हणजे तळखोली. तिने डबा तिथल्या कोनाड्यात ठेवला होता, दोन महिने. जिथे खिळा टिकत नाही तिथे कागद टिकेल असं तिला वाटलं कसं? पण सिरक्याची वाफ तिच्या लेखी उरलीच नव्हती. जे नाकाला येत नाही ते नाहीच, असं धरून ती चालली होती.

तिला रडू आलं, पण नवऱ्यासमोर नको म्हणून ती अंगणात गेली. म्हातारा ओले कॅन उन्हात उपडे घालत होता.

"बाबा, पट्ट्या मेल्या," ती म्हणाली.

त्याने हातातला कॅन ठेवला. आता हसेल, तिला वाटलं. बोलेल, कागद कालचा म्हणून. तो हसला नाही.

"नव्या मागव."

"विचारलं फोन करून. नवा डबा टेम्पोबरोबरच येणार. परवा." तिने पदराने तोंड पुसलं. "तुम्ही चला ना खाली. तुम्ही बघा."

म्हातारा ओसरीकडे नजर टाकून, मुलगा ऐकत नाही असं पाहून, हळू आवाजात म्हणाला, "मला येत नाही वास."

"कशाचा?"

"कशाचाच. दोन वर्षांमागं ताप आला होता बघ मला, त्यात गेला. भाकरी करपली तरी तुम्ही ओरडल्यावर कळतं. जेवण म्हणजे नुसतं चावायचं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दोन वर्षं तो जेवताना सारखा मीठ मागत असे आणि ती मनातल्या मनात चिडत असे, की म्हाताऱ्याला माझ्या हातची चव आवडत नाही.

"मग गेल्या वर्षी सही कशी केलीत?"

"गालाने," तो म्हणाला. "चल, दाखवतो."

तळखोलीत तो वर्षभराने उतरत होता. भिंतीला हात लावत उतरला. पिंपापाशी गेला आणि वाकून त्याने आपला खरबरीत गाल लाकडाला टेकवला, डोळे मिटून. मग पुढच्याला. आठव्याशी तिला बोलावलं.

"लाव गाल."

तिने लावला. लाकूड कोमट होतं, झोपेतून उठलेल्या माणसाच्या अंगासारखं.

"काम चाललंय आत. ऊब असली म्हणजे कच्चं, यात चूक नाही. आठवं आणि सहावं ठेव बाजूला."

"आणि गार असलं म्हणजे तयार?"

"इथेच तर आपटलो," म्हातारा म्हणाला. "गार म्हणजे एक तर झालेलं, नाही तर झोपलेलं. काम करते ती वरची साय, ती बुडते, थंडी लागते, काम अर्धवट राहून पिंप झोपतं. गालाला दोन्ही सारखीच. तिथे नाकच लागतं. गेल्या वर्षी ते झोपलेलं होतं आणि मी झालं म्हणालो. कागदाला काय दोष द्यायचा? पण दिला."

हे तो भिंतीकडे बघून बोलला.

सहा पिंपं गार होती. त्यांच्यासाठी नाक हवं होतं आणि या घरात उरलेलं नाक एकच होतं, तेही वाफेने बसलेलं. म्हाताऱ्याने तिला शिकवायला सुरुवात केली. आधी वर जायचं, अंगणात उभं राहायचं, आपल्याच कोपराच्या खोबणीत नाक घालून हुंगायचं. स्वतःच्या घामाचा वास आला की नाक जागं झालं. मग खाली यायचं. दोन थेंब तळव्यावर, तळवे चोळायचे, दोन टाळ्या वाजवून वाळवायचे, आणि तोंडाशी ओंजळ.

आतल्या बाजूने सुरुवात केली, सातव्यापासून.

"काय येतं?"

"झोंबतं."

"ते सिरक्याचं. ते जाऊ दे. त्याच्या मागून काय येतं?"

तिने डोळे मिटले. "गोडसर. रंगाचा डबा उघडल्यासारखं."

"झोपलंय," म्हातारा म्हणाला. "वर जा."

ती वर गेली, कोपर हुंगून आली. पाचवं. झोंबणं, मग ओलं लाकूड, गोड नाही. वर. चौथं. वर. तिसऱ्याला तिला काहीच कळेना म्हणून दोनदा जावं लागलं. तळवे सिरक्याने लाल होऊन चरचरत होते, बोटाच्या जुन्या चिरेत आग होत होती. तीन पायऱ्याच, पण पिंडऱ्या भरून आल्या. नवऱ्याने ओसरीतून विचारलं, "काय कवायत चाललीय?" ती तोवर पुन्हा खाली उतरली होती. दुसरंही चांगलं निघालं.

चार झाली. टेम्पो पाचासाठी येणार होता.

दाराशेजारचं पहिलं पिंप राहिलं. तिने तळवे चोळले, टाळ्या वाजवल्या, ओंजळ तोंडाशी नेली. झोंबलं. मग लाकूड. आणि त्याच्याही मागे, अगदी शेवटी, काही तरी. की आधीच्या सातव्याचंच नाकात राहिलं होतं? ती तशीच उभी राहिली.

"गोड?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "झाली पाच."

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत टेम्पो आला. पट्टीवाला उतरला. मागच्या वर्षापेक्षा सुटलेला, डोळ्यांखाली काळं, दिवसाला सहा घरं फिरणारा माणूस. तळखोलीत शिरल्याबरोबर त्याला ठसका लागला. सुनेने पाणी दिलं. म्हाताऱ्याने कागदावर सही केली, पाच पिंपांची. नवराही पट्टा आवळून भिंतीला टेकून उभा होता. आठाची पाच कशी झाली याचा राग त्याच्या तोंडावर होता, पण ड्रायव्हरसमोर तो गप्प होता.

पट्टीवाल्याने नवा डबा फोडला आणि आतून सुरुवात केली. पाचवं पांढरं. चौथं पांढरं. तिसरं, दुसरं. ड्रायव्हर नळी सोडायला बाहेर गेलासुद्धा. पहिल्या पिंपाची पट्टी बुडवून पट्टीवाल्याने घड्याळात पाहिलं. सून मनात मोजत होती. चाळिसाच्या सुमारास चौकोनाच्या कडेला फिकट निळं आलं, पेनाची शाई ओल्या कागदावर पसरावी तसं, आणि साठ होईपर्यंत मधे पोचलं.

पट्टीवाल्याने दुसरी पट्टी बुडवली. तीही निळी.

"पारख कोणी केली?" त्याने विचारलं. कागदावर सही होती, तरी विचारलं, आणि विचारताना त्याने सुनेच्या लाल तळव्यांकडे पाहिलं.

आता हा म्हातारा आपल्यावर ढकलणार, हे सुनेला दिसत होतं. गेल्या वर्षी कागदावर ढकललं, या वर्षी सुनेवर. पट्ट्या तिने मारल्या, वास तिने घेतला, नाही ती म्हणाली. सगळं खरंच होतं. आणि तो ते खरं बोलला की घर यादीतून जाणार. तिने तोंड उघडलं.

"मी केली," म्हातारा म्हणाला. "सही कोणाची आहे?"

"बाबा—"

"तू झाकणं आवर."

पट्टीवाल्याने कपाळ पुसलं. "काका, ही दुसरी वेळ."

"ठाऊक आहे."

"एवढी वर्षं काढलीत यात. तुम्हाला कळलं कसं नाही?"

"नाक गेलंय माझं," म्हातारा म्हणाला, आणि आवाज मुद्दाम थोडा चढवला, दाराबाहेरच्या ड्रायव्हरला ऐकू जाईल असा. "दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी तुझी पट्टी खरी होती. मी उगाच तोंड टाकलं तुझ्यावर."

भिंतीला टेकलेल्या मुलाने बापाकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली. त्याला हे आजच कळत होतं.

"नाव काढावं लागेल," पट्टीवाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता कंटाळा होता, आणि थोडी लाज.

"काढ. त्याच्या खाली सुनेचं घाल."

"तिला येतं?"

"द्यायच्या पाचांची पारख माझी. पण ती मागची तीन तिने बाजूला काढलीत, कच्ची म्हणून. लाव पट्ट्या."

"जे घ्यायचं नाही त्याला कशाला पट्टी वाया घालवू?"

"लाव रे बाबा," म्हातारा म्हणाला. "माझ्यासाठी लाव."

पट्टीवाल्याने तीन पट्ट्या मोजून काढल्या. सहावं निळं. सातवं निळं. आठवं बुडवल्या बुडवल्या गडद. त्याने त्या तिन्ही पट्ट्या हातात धरून थोडा वेळ पाहिल्या आणि पेन काढलं. म्हाताऱ्याच्या नावावर रेघ ओढली. पेन चालेना म्हणून दोनदा ओढावी लागली. मग सुनेला नाव विचारलं. तिने सांगितलं ते त्याला नीट ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगावं लागलं. या घरात आल्यापासून तिला कोणी नावाने हाक मारली नव्हती.

टेम्पो चार पिंपांचा सिरका घेऊन गेला. आलोच आहोत तर नेतो, पट्टीवाला म्हणाला, पुढच्या खेपेला मात्र पाच. नवरा तसाच फळीवर जाऊन पडला, तोंड भिंतीकडे करून.

म्हातारा अंगणात कॅनजवळ जाऊन बसला होता. सून त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिने एक कॅन ओढून घेतला, पण घासला नाही.

"बाबा, पहिल्याला मला आलं होतं काही तरी. गोडसर. अगदी शेवटी."

"माहीत आहे."

"कसं?"

"थांबली होतीस तू. बाकीच्या पिंपांना थांबली नव्हतीस." त्याने ब्रश पाण्यात बुडवला. "मी तेव्हाच म्हणायचं, पुन्हा वर जाऊन ये. नाही म्हणालो. मलाही पाच हवी होती."

तिचे तळवे अजून चरचरत होते. तिने ते बादलीतल्या गार पाण्यात बुडवून धरले.

"आता सही तुझी आहे," म्हातारा म्हणाला. "जिथे थांबशील, ते पिंप द्यायचं नाही. घरात काही का होईना."

"हं."

"पट्ट्यांचा नवा डबा कुठे ठेवलास?"

ती पटकन उठली. डबा तळखोलीतच राहिला होता, पायरीवर. ती तो घेऊन आली, जागा शोधत घरभर फिरली, आणि शेवटी ओसरीत नवऱ्याच्या उशाशी, माठाच्या सावलीत ठेवला. परत अंगणात आली तेव्हा म्हाताऱ्याने तिचा कॅन घासून उपडा घातला होता. ती उन्हात उभी राहिली, कोपराच्या खोबणीत नाक घातलं, आणि घामाचा वास आल्यावर पायऱ्या उतरून पहिल्या पिंपाकडे गेली.